पौषातले ऊन कोणाच्या खात्यावर?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीला जमलो की भाव, बाकी आणि बिल याच विषयांवर बोलायचे, अशी आपली सवय आहे. आज आम्ही थोडे वेगळे बोलणार आहोत. यंदा पौषात आमच्या वस्तीवर आठ-दहा दिवस ऊबदार गेले, त्या दिवसांबद्दल बोलणार आहोत. सुरुवातीलाच कबूल करतो, ते दिवस आम्हाला फार आवडले. शेतकऱ्याने काही आवडले असे बोलायचे म्हणजे चोरीच असते. आवडले म्हटले की लोकांना वाटते, याचे बरे चालले आहे. तरीही सांगतो.

आम्ही निफाड तालुक्यातले. आमच्याकडची थंडी तुम्हाला वर्तमानपत्रातून माहीत आहे. पारा चार-पाच अंशांवर उतरला की शहरातल्या माणसाला बातमी वाचून मजा वाटते. आमच्याकडे सकाळी शेण भरायला हात घातला की बोटे वळत नाहीत. द्राक्षवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. घराभोवतालची कामे साठत जातात. आज करू, उद्या करू, थोडे ऊन वर येऊ द्या, असे म्हणता म्हणता दिवस मावळतो.

यंदा वारा फिरला. उत्तरेचा कोरडा वारा थांबला, आग्नेयेकडून दमट हवा आली, दोन दिवस आभाळ पांढरे राहिले आणि रात्रीचा गारठा गेला. सकाळी सातला अंगात स्वेटर नको वाटू लागला. मग काय, घरातले सगळे बाहेर पडलो.

पहिल्या दिवशी गोठा काढला. गव्हाणीच्या तळाशी कुजलेला चघळ उपसून उकिरड्यावर टाकला, सैल झालेले खुंटे ठोकले, बैलांच्या पायाखालचा खड्डा मुरूम टाकून चोपला. दुसऱ्या दिवशी अंगण घेतले. पावसाळ्यात वाहून गेलेल्या कडेला माती भरली, पाणी मारून चोपली, आणि घरातल्या बायांनी शेणाने सारवली. एरवी पौषात सारवलेले दोन दिवस ओले राहते, पोरे त्यावर पाय उमटवतात आणि बोलणी खातात. यंदा सकाळी सारवले आणि दुपारी त्यावर तूर पसरली. गोवऱ्या तिसऱ्या दिवशीच उलटवता आल्या. गोधड्या विहिरीवर नेऊन धुतल्या आणि संध्याकाळी कोरड्या घरात आणल्या. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून परसाच्या कुंपणातली भगदाडे बुजवली. दोन वर्षे शेजारच्या शेळ्या त्याच वाटेने आमची मेथी खायला येत होत्या. विळ्या-खुरप्यांना धार लावली. आजी शेवग्याखाली बसून तूर पाखडत होती आणि आमच्या कामातल्या चुका काढत होती.

या कामात एक सुख असते. शेतातल्या कामाचा निकाल चार महिन्यांनी लागतो, आणि तो निकालही बाजार लावतो. अंगण सारवले तर सारवलेले अंगण संध्याकाळी डोळ्यासमोर असते. त्याचा भाव कोणी पाडत नाही. बाया आणि गडी एकाच अंगणात, हातापाशी काम, तोंडाने बोलणे, मधेच चहा. वर्षभरात एकमेकांशी जेवढे बोललो नव्हतो, तेवढे त्या चार दिवसांत बोललो.

चौथ्या दिवशी दुपारी आजीने पदराने कपाळ टिपले आणि हातातले सूप खाली ठेवले. म्हणाली, "पौषात घाम येतोय रे बाबांनो. अंगण काय बघत बसलात, गव्हात जाऊन या."

आम्ही गप्प झालो. कारण तिने काय आठवून दिले ते सगळ्यांना कळले.

ती गोष्ट २०२२ सालची. आदल्या पिकाचे रान मोकळे व्हायला उशीर झाला होता, म्हणून गव्हाची पेरणी डिसेंबरात गेली. मार्चच्या सुरुवातीला दाणे भरायची वेळ आली. हवा लवकर तापली होती. १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत उष्ण मार्च म्हणून पुढे तो महिना नोंदला गेला. त्या वेळी आम्हाला हे कोण सांगणार? आम्हाला एवढेच दिसत होते की थंडी गेली, घराची कामे काढायला दिवस छान आहेत. आम्ही गोठ्याची भिंत बांधायला घेतली. गव्हाचे शेवटचे पाणी आठ दिवस लांबले. भिंत उत्तम झाली, अजून उभी आहे. गहू वरून पिवळाधमक, दिसायला देखणा. मळणी केली तेव्हा दाणा चपटा आणि हलका. पोती भरली, पण उचलली की हाताला कळत होते. घरात कोणी कोणाला बोलले नाही, बोलण्यासारखे काही नव्हते. त्या वर्षी लग्नाचा विचार होता, तो पुढच्या वर्षावर गेला.

असे का होते, ते साध्या शब्दांत सांगतो. गव्हाला फुटवे फुटायला आणि दाणा भरायला गारवा लागतो. हवा तापली की पीक घाई करते. पाने लवकर पिवळी पडतात, दाणा भरण्याचे दिवस कमी होतात. दिवसा पानाने तयार केलेले अन्न रात्री ऊब असेल तर झाड स्वतःच जास्त जाळते, दाण्यात कमी जाते. म्हणजे आपल्याला रात्री पांघरूण नको वाटते, तेव्हा गव्हाच्या खात्यातून काहीतरी वजा होत असते. हरभऱ्यावर ढगाळ हवेत घाटे अळी वाढते, गव्हा-ज्वारीवर मावा येतो, द्राक्षाच्या मण्याला तडकण्याची भीती नसली तरी भुरीची असते. ऊन सगळ्यांवर सारखे पडते, पण प्रत्येकाच्या वहीत वेगळे उतरते.

तर आजी बोलली आणि आम्ही गव्हात गेलो. यंदा पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधली होती. गहू फुलोऱ्यावर यायला लागला होता. जमिनीला बारीक भेगा होत्या. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळांचे, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरतानाचे, ६५ ते ७० दिवसांनी फुलोऱ्याचे आणि ८० ते ९० दिवसांनी दाणे भरतानाचे, अशी चार पाणी चुकवायची नाहीत, हे आपण सगळेच पाठ म्हणतो. पण हवा तापली की पाठ केलेले दिवस पुढे सरकतात. भेगा दिसल्या की पाणी, वहीतली तारीख नंतर.

लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. एरवी पौषातल्या रात्री दारे धरायचे म्हणजे पाय बधिर होतात, घरी आल्यावर चुलीपुढे बसूनही तासभर कळा जात नाहीत. यंदा अनवाणी पाण्यात उभे राहिलो आणि गार वाटले नाही. त्याच उबेने गव्हाला तहान लावली होती आणि त्याच उबेने आम्हाला पाणी देणे सोपे केले होते. २०२२ साली आम्ही त्या उबेचा आनंद घेतला आणि काम चुकवले. यंदा आनंद घेतला आणि काम केले. दाणे भरताना वारा पाहून हलके पाणी द्यायचे, म्हणजे गहू लोळणार नाही, हेही ठरवले आहे. गहू कसा येईल ते खळ्यावर कळेल.

आता हिशेबाचे बोलू. २०२२ च्या त्याच हंगामात गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २०१५ रुपये होती. बाजार त्याच्या वर गेला. दाणा बारीक आला तरी भावात भरून निघेल अशी आशा वाटली. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. साखळी पाहा. हवा तापली म्हणून दाणा बारीक, दाणा बारीक म्हणून पीक कमी, पीक कमी म्हणून भाव चढला, आणि भाव चढला म्हणून निर्यात बंद. तापलेल्या हवेचा तोटा आमच्या खात्यावर, चढलेल्या भावाचा फायदा मात्र आमच्या खात्यावर नाही.

आणि आपण हे कोणाला दाखवायला गेलो तर आपल्याकडे काय असते? काहीच लिहिलेले नसते. हवामान केंद्र मंडळाच्या ठिकाणी असते, आपले रान चार कोसांवर. म्हणून या बैठकीपुढे आमची एकच मागणी आहे, आणि ती सरकारकडे नाही, आपल्याच घरांकडे आहे. प्रत्येक घराने एक शंभर पानी वही घालावी. पेरणीची तारीख, पाण्याच्या तारखा, कोणत्या दिवसापासून थंडी मोडली, आणि मळणीनंतर एका पोत्याचे वजन, एवढे लिहावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला द्यावे, ती चुकवणार नाही.

त्याच वहीत एक रकाना घरच्या कामाचाही ठेवा. गोठा, अंगण, गोवऱ्या, कुंपण, वाळवण. आमच्याकडे चार दिवसांचा हिशेब मांडला, तेव्हा निम्म्याहून जास्त तास बायांचे निघाले. त्यांची मजुरी कोणी दिली नाही, कोणी मागितलीही नाही. निदान लिहिली तरी जावी.

भावांनो, मायबहिणींनो, पुढच्या पौषात पुन्हा असे ऊन पडले तर जरूर अंगणात बसा. अंगण सारवा, गोधड्या धुवा, आजीची बोलणी खा. असे दिवस आपल्याला फुकट मिळत नाहीत, म्हणून ते वाया घालवू नका. फक्त अंगणात बसण्याआधी सकाळी एक चक्कर गव्हात मारून या.