बांध सोडून रानातून : नरेंद्र करमरकरांची वाट



साहित्याच्या प्राध्यापकाने गणितावर बोलावे, हे चमत्कारिक वाटेल. बीदर-कलबुर्गीकडची आमची कितीतरी मुले घरी मराठी, बाजारात कन्नड बोलतात. गणित मात्र इंग्रजीत शिकतात. ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ची आकडेमोड बिनचूक करतात. “हे घरी आजोबांना कसे सांगाल?” असे विचारले की गप्प. म्हणून मीच सांगून पाहिले.

समजा, आळंदच्या एका शेतकऱ्याला तूर किती आणि सोयाबीन किती पेरावे हे ठरवायचे आहे. जमीन, पैसा, मजूर सगळे मोजके. प्रत्येक मर्यादा म्हणजे कागदावरचा एक बांध. बांधांच्या आतली कुठलीही वाटणी चालते. पण सर्वाधिक नफ्याची वाटणी कुठल्यातरी कोपऱ्यावर सापडते. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत बांधाबांधाने, कोपऱ्याकोपऱ्याने जाते. बहुधा ती लवकर पोचते. पण क्ली आणि मिंटी यांनी १९७२मध्ये अशी राने दाखवली, जिथे तिला झाडून सगळे कोपरे फिरावे लागतात.

ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली बाहेर पडलेले नरेंद्र करमरकर १९८४मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. त्यांनी बांध सोडला आणि रानातून वाट काढली. बांध जवळ आला की पाऊल आखडते. म्हणून दर पावलाला ते नकाशाच असा बदलतात की आपण पुन्हा मधोमध येतो आणि लांब पाऊल टाकता येते. मला यातले सौंदर्य कवितेइतकेच वाटते. (१९८८मध्ये कंपनीने या वाटेचे पेटंटही घेतले. गणिताच्या रीतीवर मालकी, हे मला अजून पचलेले नाही.)

आता आपल्या कामाची गोष्ट. या पद्धतीची एक सोपी आवृत्ती पुढे अनेकांनी मांडली. सोव्हिएत गणिती डिकिन यांनी ती १९६७ सालीच छापली होती. तिचे इंग्रजी भाषांतरही झाले होते. तरी जवळजवळ वीस वर्षे पश्चिमेत कुणाच्या ती ध्यानात आली नाही. परिभाषाकोश छापून निश्चिंत होणाऱ्या आपल्याला हे टोचले पाहिजे.

त्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तिसरे पीक मूग घेतले तर बांध कुठे काढायचा?” मी वर्गाच्या भिंतींकडे बोट दाखवले : आता रानाची खोली झाली, बांधांच्या भिंती. तिला पटले. मग ती म्हणाली, “आणि चौथे?”

त्याला माझ्याकडे अजून शब्द नाही.