सुखदायक राज्य आणि आमचे सेक्टर



विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. जमीन सर्वांची, स्वयंपाक एकत्र, वस्त्रे गावच्या कोठारातून! कल्पनानगरीच्या विज्ञानकथांचा हा मराठीतील पूर्वजच म्हणावा.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभी राहिलेली आमची भिलाईही तशीच भासते. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, वृक्षराजी, शाळा, इस्पितळ. परंतु बुवांच्या कोठारात हुद्दा विचारला जात नाही. येथे घर मिळते तेच हुद्द्याप्रमाणे, आणि तेही नोकरीपुरते. कंत्राटी मजूर तर बहुधा सेक्टरांबाहेरच राहतो. आमच्यातील कित्येकांची निवृत्ती आता समीप आली आहे. गावचे घर भावकीत गेले, येथील सोडावयाचे. मग येथेच जन्मलेल्या आमच्या मुलांनी ‘गाव कोणते?’ या प्रश्नास काय उत्तर द्यावे?