आमटी अळणी होती



गेल्या वैशाखात नात्यातल्या एका लग्नात मी तिसऱ्या पंगतीला बसले होते. वरणभात झाला, मग आमटी आली. पहिल्याच घासाला कळलं की हिच्यात मीठ पडलेलंच नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे निमूट जेवत होते. वाटलं, आपल्याच तोंडाची चव गेली असेल. पानात वाढलेलं मीठ चिमटीनं कालवून घेतलं आणि जेवू लागले. शेजारच्या पानावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आजी, आमटी अळणी आहे." झालं! सगळ्या ओळीतून आवाज उठले, "हो हो, अळणीच आहे." आचारी धावत बाहेर आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "अहो, दोन पंगती उठल्या. कोणी सांगितलं कसं नाही?"

समाजमानसशास्त्र आणि संघटनांचं मानसशास्त्र यांतल्या महत्त्वाच्या कल्पनांवर बोला, असं मला सांगितलं आहे. नेतृत्व, प्रेरणा, पूर्वग्रह, गटातले संबंध, यादी मोठी आहे. पण सात मिनिटं हातात असताना मी त्या आचाऱ्याच्या प्रश्नापाशीच थांबणार आहे. कोणी सांगितलं कसं नाही?

तुमच्या कचेरीतली मासिक बैठक आठवा, नाहीतर सोसायटीची वार्षिक सभा. अध्यक्ष ठराव वाचतात आणि विचारतात, "सर्वांना मान्य आहे ना?" कोणी बोलत नाही. इतिवृत्तात लिहिलं जातं, 'सर्वानुमते मंजूर'. मग खरी सभा भरते ती जिन्यात. "मला पटलेलंच नव्हतं हो," एक म्हणतो. दुसरा म्हणतो, "मलासुद्धा." प्रत्येकाला वाटत असतं की शंका फक्त आपल्यालाच आहे, बाकीच्यांचं मौन म्हणजे त्यांची संमती. आणि बाकीचेही आपल्या मौनाचा तोच अर्थ लावत असतात. श्रोतेहो, हे नीट ऐका, कारण इथेच गफलत होते. आपण गप्प बसतो ते भीतीनं किंवा संकोचानं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण शेजारचा गप्प बसला की तो मात्र पटलं म्हणून गप्प आहे, असं आपण धरून चालतो. शेजाऱ्याचंही तोंड अळणीच झालेलं असतं.

गटापुढे एकटा माणूस काय करतो, यावर सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९५१च्या सुमारास केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिन्हींपैकी कोणती पहिलीएवढी लांब, एवढंच सांगायचं. एकट्याला विचारलं तर सहसा कोणी चुकत नसे. पण प्रयोगाच्या खोलीत खरा परीक्षार्थी विद्यार्थी एकच असे, बाकीचे सगळे आधी शिकवून ठेवलेले असत. अठरापैकी बारा वेळा ते एकमुखानं चुकीची रेघ सांगत. मग त्या बिचाऱ्या खऱ्या विद्यार्थ्याची पाळी येई. त्या बारा वेळच्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटामागे गेली. चारांतले तीन विद्यार्थी निदान एकदा तरी वाहवले. रेघ डोळ्यांसमोर होती, श्रोतेहो. तिथे ना बढतीचा प्रश्न होता, ना साहेबांची मर्जी.

हा प्रयोग वर्गात शिकवला की मुलं इथेच थांबतात आणि म्हणतात, माणूस मेंढरासारखा आहे. मला ते फार खटकतं. ॲशनं पुढे काय केलं ते पाहा. त्यानं गटात एकच माणूस असा ठेवला जो बरोबर रेघ सांगेल. एकच! चुकीच्या उत्तरांचं प्रमाण घसरून जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आलं. म्हणजे त्या विद्यार्थ्यांना दिसत होतं सगळं. एक सोबती हवा होता. पंगतीतल्या त्या मुलीनं आम्हाला चव दिली नाही, चव आमच्या जिभेवर होतीच. तिनं सोबत दिली.

आता मीठ कालवून घेण्याबद्दल बोलते, कारण ती गोष्ट मला जास्त धोक्याची वाटते. मी माझ्यापुरती आमटी सुधारून घेतली. पण त्यामुळे आचाऱ्यापर्यंत काहीच पोचलं नाही. पातेलं तसंच अळणी राहिलं आणि पुढच्या पानावर तेच वाढलं गेलं. कार्यालयात छापील अर्जातला रकाना चुकीचा असतो, कारकून रोज पेनानं दुरुस्त करतो. औषधांच्या कपाटात सारखी दिसणारी दोन खोकी शेजारीशेजारी असतात, अनुभवी परिचारिका आपलं आपण लक्षात ठेवते. कामसू माणसं असंच करतात, आणि त्यांच्या कामसूपणामुळेच चूक वरपर्यंत जात नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. आधी त्याही चकित झाल्या. मग उलगडा झाला. तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या, कारण सांगितलं तर बोलणी बसतील हे भय नव्हतं. 

मीही यातून सुटलेले नाही. आमच्या सोसायटीच्या एका सभेत गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक आलं. गळती थांबवण्याचं मुख्य कामच त्यात नव्हतं. मला दिसलं. मी बोलले नाही. पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या खोलीत पाणी उतरलं. त्यांच्या ओल्या गाद्या मी अजून विसरलेले नाही.

म्हणून सांगते, कनिष्ठांना 'धीट व्हा' असा उपदेश करून भागणार नाही. मला रागवायचं आहे ते अध्यक्षांच्या खुर्चीत बसणाऱ्यांवर. तुम्ही आधी आपलं मत सांगता आणि मग विचारता, 'मान्य आहे ना?' हा प्रश्न विचारणं झालं का? मोठ्या खुर्च्यांपुढेही हेच घडतं. १९६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागारांनी क्यूबावरच्या स्वारीला मान डोलावली. किनाऱ्यावर उतरलेल्या सुमारे चौदाशे माणसांचा तीन दिवसांत पाडाव झाला. आर्थर श्लेसिंजर हे सल्लागार मनातून विरोधात होते. बैठकीत गप्प राहिल्याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे लिहून ठेवला. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२च्या पुस्तकात 'गटविचार', म्हणजे एकमतासाठी शंका दाबून टाकणं, ही कल्पना मांडली ती अशाच प्रसंगांवरून. पण दीड वर्षानं, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचाच्या वेळी, तेच केनेडी काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, आपल्यासमोर माणसं मोकळेपणी बोलत नाहीत म्हणून. माणसं बरीचशी तीच होती. बैठकीची रीत बदलली होती.

उड्डाणात नष्ट झालेल्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचं काय, असं कोणी विचारेल. १९८६च्या जानेवारीत उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंते बोलले होते, थंडीत रबरी कड्या दगा देतील असं बजावत होते. तिथे बोलणारे होते, पण ऐकणारे... नको, वेळ होत आली.

त्या आचाऱ्याचं सांगायचं राहिलं. परवा दुसऱ्या एका कार्यात तो भेटला. पंगत बसण्याआधी त्यानं वाढप्यांतल्या सर्वांत लहान पोराला बोलावलं, वाटीत आमटी दिली, आणि 'चांगली झालीय ना?' असं विचारलं नाही. विचारलं, "काय कमी आहे?" पोरगं थोडं घुटमळलं. आचारी डाव हातात धरून तसाच उभा राहिला, ते बोलेपर्यंत.