तान्ह्याच्या दुधाची राखण कोणाची?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर युनियनच्या माणसाने यावे आणि बोनस व महागाईभत्ता सोडून तान्ह्या बाळाच्या दुधाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. कामगारांच्या नुकसानभरपाईचे अर्ज लिहिताना आणि त्यासाठी डॉक्टरी अहवाल शब्दकोश घेऊन वाचताना झाले. पण प्लॅस्टिकच्या कारखान्यांत मशीनवर बसणाऱ्या बायका आमच्या सभासद आहेत. पगाराइतक्याच कळकळीने त्या विचारतात, "भाऊ, बाळाच्या पोटात दुधातून, बाटलीतून, खेळण्यांतून हार्मोन जातात म्हणतात, ते खरे का?" या प्रश्नाला 'खरे' किंवा 'खोटे' असे एका शब्दाचे उत्तर नाही. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

प्रथम हार्मोन म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या काही ग्रंथी रक्तात अत्यंत सूक्ष्म प्रमाणात रस सोडतात आणि तो रस दूरच्या अवयवांना हुकूम पोचवतो : वाढ, थांब, पेटव, विझव. मुकादमाची चिठ्ठी समजा. चिठ्ठी चिमूटभर असते, पण तिच्यावर सबंध खाते हलते. बाहेरचा एखादा पदार्थ या चिठ्ठीसारखा दिसला, तर शरीर फसते आणि खोट्या चिठ्ठीवरही काम सुरू करते. भीतीचे मूळ हे आहे आणि ते खरे आहे.

तान्ह्याला ही भीती जास्त का? साधे गणित करा. दूध पिणारे मूल दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पिते. त्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला रोज नऊ लिटर प्यावे लागेल! शिवाय परका पदार्थ निकामी करून बाहेर टाकणारे त्याचे यकृत अजून पुरते तयार झालेले नसते, आणि मेंदू व जननेंद्रिये यांची घडण चालू असते. ओल्या भिंतीवर बोट लावले तरी ठसा उठतो. सुकलेल्या भिंतीवर उठत नाही.

पण सगळेच हार्मोन वैरी नव्हेत. आईच्या दुधात हार्मोन असतातच आणि ते निसर्गाचे देणे आहे. नवजात बाळाची छाती, मुलगा असो वा मुलगी, कधी कधी थोडी फुगलेली असते. तो बहुधा आईच्या हार्मोनांचा ओसरता परिणाम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. आपल्याकडे काही घरांत ती छाती पिळण्याची चाल आहे. माझी हात जोडून विनंती आहे, ते करू नका. त्याने जंतुसंसर्ग होतो, गळू होते.

आता एका चुकीच्या भीतीविषयी. म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून काही गोठ्यांत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचतात. त्या दुधाने मुली लवकर वयात येतात, असा समज गावोगाव आहे. ऑक्सिटोसिन हा नऊ अमिनो आम्लांचा लहानसा गोफ आहे. पोटात गेला की इतर प्रथिनांसारखा पचतो. तो लैंगिक हार्मोन नव्हे. ते इंजेक्शन म्हणजे मुक्या जनावराचा छळ आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण हेच औषध बाळंतपणातला रक्तस्राव थांबवून आयांचे प्राण वाचवते. २०१८ च्या एप्रिलमध्ये, गोठ्यांतला गैरवापर रोखण्यासाठी, देशात वापरण्यासाठी हे औषध बनवायला केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना मनाई केली आणि ते काम एकाच सरकारी कंपनीकडे सोपवले. बाळंतिणींना औषध कमी पडेल अशी भीती निर्माण झाली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. भीती डोळस नसली की चोर सुटतो आणि संन्याशाला सुळी मिळते, ते असे.

मग चोर कोण? त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्स प्रयोगशाळेत स्त्री-हार्मोनसारखे काम करणारी रसायने शोधत होते. १९३६ मध्ये त्यांना बिस्फेनॉल-ए या रसायनात तो गुण आढळला. पण १९३८ मध्ये त्याहून कितीतरी तिखट असे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल त्यांच्या हाती आले आणि पहिले मागे पडले. ही दोन भावंडे पुढे दोन वाटांनी तान्ह्यांपर्यंत पोचली.

तिखट भावंड औषध बनले. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते गरोदर स्त्रियांना देऊ लागले. १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत त्याचा काही उपयोग नाही असे दिसले, तरी विक्री चालूच राहिली. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी पंधरा ते बावीस वर्षांच्या आठ मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या वयात सहसा न आढळणारा योनिमार्गाचा कर्करोग त्यांना झाला होता. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. आणि हा धागा डॉक्टरांना कोणी दाखवला? एका मुलीच्या आईने. मी घेतलेल्या त्या गोळ्यांमुळे तर हे झाले नसेल ना, असे तिने विचारले. मोठमोठ्या कंपन्यांनी जो प्रश्न विचारला नाही, तो एका आईने विचारला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने गरोदरपणात ते देऊ नये असे बजावले.

दुसरे भावंड कारखान्यात शिरले. १९५३ मध्ये त्यापासून पॉलिकार्बोनेट नावाचे काचेसारखे पारदर्शक, न फुटणारे प्लॅस्टिक तयार झाले, आणि कालांतराने त्याच्या दूध पाजण्याच्या बाटल्या घरोघर आल्या. बाटली उकळली, तीत गरम दूध ओतले, ती झिजली, की त्यातून बिस्फेनॉल-ए थोडे थोडे सुटते. ज्याचा हार्मोनासारखा गुण १९३६ मध्ये छापून आला, त्याची बाटली कॅनडाने २००८ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले, युरोपने २०११ मध्ये बंद केली, अमेरिकेने २०१२ मध्ये. आपल्याकडे २०१५ च्या मानकाने हे प्लॅस्टिक दुधाच्या बाटल्यांतून वगळले. पाऊणशे वर्षे! २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल-ए ची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजारांश केली. इतर काही संस्थांना ही कपात फाजील वाटते. शास्त्रज्ञांत वाद आहे आणि तो लपवण्याचे मला कारण नाही. पण शंका असेल तेव्हा तिचा फायदा कोणाला द्यायचा, बाटलीला की बाळाला? कोर्टात आरोपीला देतात. येथे मी तो बाळाला मागतो.

आणखी एक टोळी आहे : थॅलेट. कडक पी. व्ही. सी. मऊ करण्यासाठी ही रसायने दाण्यात मिसळतात. ती प्लॅस्टिकला घट्ट बांधलेली नसतात, म्हणून पाझरतात. यांतली काही पुरुष-हार्मोनच्या कामात अडथळा आणतात. मऊ खेळणे बाळ हातात धरत नाही, ते चोखते. युरोपने १९९९ मध्ये लहानग्यांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांत अशा काही रसायनांना मनाई केली.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. असे काही छापून आले की घरात पहिले बोट कोणाकडे वळते? आईकडे. ही बाटली तू का घेतलीस? अंगावरचे का पाजले नाहीस? मी विचारतो, बाटलीत काय आहे हे तिने ओळखायचे कसे? मोल्डिंग खात्यात दाण्याचे पोते फोडणाऱ्या कामगारालाही त्यात काय मिसळले आहे ते सांगत नाहीत. 'बिस्फेनॉल-ए नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या मालात त्याच कुळातले बिस्फेनॉल-एस असू शकते, आणि त्याच्या अंगीही तसलाच गुण प्रयोगांत दिसला आहे. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची राखण एकट्या बाईवर टाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

अंगावर पाजण्याचेही तसेच. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोन्यासारखा आहे. पण त्यासाठी आई बाळाजवळ असावी लागते. मुंबई प्रांतात गिरणीकामगार स्त्रियांसाठी प्रसूतीचा कायदा १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाईच्या बाळंतपणाचा भार तिच्या एकटीवर नको, हा विचार तेव्हाच मांडला गेला. २०१७ मध्ये पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पण ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारी करणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत ती पोचते का? ती दहाव्या-पंधराव्या दिवशी कामावर जाते आणि बाळाच्या तोंडी बाटली येते. म्हणजे रजेचा प्रश्न हाच बाटलीचाही प्रश्न आहे.

घरी काय करावे तेही सांगतो. त्याला पैसा फारसा लागत नाही. वरचे दूध द्यावेच लागले, तर स्टीलची वाटी-चमचा किंवा आपल्या आजीचे बोंडले उत्तम. गरम दूध प्लॅस्टिकमध्ये ओतू नये, प्लॅस्टिकमध्ये तापवू नये. उग्र वासाचे मऊ, स्वस्त खेळणे तान्ह्याच्या तोंडी देऊ नये. लाकडी वाटी-पळी त्याला तितकीच रमवते. एवढे करा आणि मनाला खात बसू नका. एखाद्या दिवशीच्या बाटलीने मूल बिघडत नाही.

पण बाकीचे काम चार भिंतींत होणार नाही. दाण्याच्या पोत्यावर आणि बाटलीवर आतल्या रसायनांची नावे मराठीत छापली जावीत. बाजारातल्या मालाची सरकारी तपासणी व्हावी आणि तिचे निकाल नावानिशी जाहीर व्हावेत. एक रसायन बंद करून त्याचा चुलतभाऊ आणण्याआधी तो निर्धोक असल्याचा पुरावा कारखानदाराने द्यावा. आणि प्रसूतीची रजा शेवटच्या मोलकरणीपर्यंत पोचावी. या चार मागण्या युनियनच्या आहेत तशाच आपल्या महिला मंडळांच्या, ग्राहक संघांच्या आणि नगरपालिकेच्याही व्हाव्यात, एवढे मागण्यासाठी मी येथे आलो.

बोस्टनच्या त्या आईने प्रश्न विचारला, तोवर तिच्या मुलीला उशीर झाला होता. आपण वेळेवर विचारू या, आणि एकेकट्याने न विचारता मिळून विचारू या. मिळून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते, हे माझ्या तीस वर्षांच्या कामाने मला शिकवले आहे.