कंपनी काढा, पण आधी भांडून घ्या

(शिरगाव येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘आपली कंपनी आपणच कशी काढावी’. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे काय, धंदा बुडाला तरी घर कसं वाचतं, हे तारापूर एमआयडीसीच्या इतकं जवळ राहून तुम्हाला ठाऊक नसेल असं मी धरत नाही. (हशा) फक्त बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिलीत, तर तेवढ्यापुरतं घर वाचत नाही. पुढे जाऊ.

कागदाचं काम सोपं आहे. किमान 2 भागधारक, 2 संचालक; तीच दोन माणसं चालतात. लाखाच्या भांडवलाची अट 2015 मध्ये गेली. डिजिटल सह्या काढा. ऑफिस म्हणून राहतं घर चालतं; 2 महिन्यांच्या आतलं वीजबिल, आणि घर आईच्या नावावर असेल तर तिचं ना हरकत पत्र. मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘स्पाइस प्लस’ फॉर्म. आधी नाव. ते तपासतात हरियाणात, मानेसरला. सातपाटीचं पापलेट न बघितलेला माणूस तुमच्या ‘पापलेट एक्स्पोर्ट्स’चं भवितव्य ठरवतो! (हशा) नाव मिळालं की 20 दिवसांत बाकीचा फॉर्म. पॅन, टॅन त्यातच. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर नोंदणी फी नाही, मुद्रांक शुल्क मात्र भरावं लागतं.

एक सही बाहेरची लागतेच: सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकिलाची. पहिल्या रांगेतले सीए मघापासून माझ्याकडे रोखून बघतायत. अहो, तुमच्या पोटावर पाय द्यायला मी आलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच की आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, मालकांनी स्वतः बसून लिहावी.

कायद्यात ‘टेबल एफ’ नावाचा तयार नमुना आहे. सगळे तोच डोळे मिटून लावतात. बोईसरच्या दोघा साडूंनी लावला. फॅब्रिकेशनचं काम, निम्मे-निम्मे शेअर, चेकवर दोघांच्या सह्या. सुरुवातीला दर रविवारी एकत्र मटण. मग दिवाळीच्या बोनसवरून वाजलं. चेक घेऊन पोरगा गेला की धाकटे साडू म्हणायचे, “चष्मा सापडत नाही.” आठवडाभर चष्मा सापडेना. बैठक बोलावली, तर आले नाहीत. बैठकीला किमान 2 संचालक लागतात, आणि संचालकच 2! बैठक नाही म्हणून ठराव नाही, ठराव नाही म्हणून बँक सह्या बदलेना. (श्रोत्यांतून: “व्हिडिओ कॉलवर चालते की बैठक!”) चालते हो, पण कॉल उचलायला नको? (हशा) शेवटी सासूबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं आणि पडवीत बैठक भरली. टेबल एफप्रमाणे समसमान मतं पडली की अध्यक्षाचं जादा मत. मग अध्यक्ष कोण, यावरून पानावरच पुन्हा जुंपली.

म्हणून म्हणतो, नोंदणीआधी भांडून घ्या. पगार कोणाला, बायको-मुलं कामावर येणार का, एक जण बाहेर पडला तर त्याचे शेअर कोण आणि कोणत्या हिशेबानं घेणार. प्रायव्हेट कंपनीचे शेअर बाजारात नेऊन विकता येत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि रामुअण्णांनी बेळगावात 1888 साली दुकान थाटलं. कंपनी लिमिटेड झाली 1920 मध्ये. सख्खे भाऊ, तरी मधे 32 वर्षं गेली. आपण सोमवारी ओळख करून घेतो आणि शुक्रवारी नावाचा अर्ज टाकतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, दोन. नोंदणीनंतर 30 दिवसांत पहिली बैठक आणि ऑडिटर. 180 दिवसांत भांडवल खात्यात आल्याची घोषणा, नाहीतर कंपनीला 50 हजार दंड. वार्षिक विवरणपत्रं चुकली तर फॉर्ममागे रोज 100 रुपये, गाळ्याला कुलूप असलं तरी. एकट्याचीही कंपनी निघते, पण वारस नेमावा लागतो.

काय? साडूंचं काय झालं? आर्टिकल्स बदलायचं दोघांनाही पटलंय. त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि कोणता बदल करायचा यावर अजून निम्मी-निम्मीच पडतायत.