सुक्कोथचा मांडव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. परंतु आमच्या गच्चीवरच्या मांडवाविषयी आपण पुष्कळजणी विचारता, म्हणून चार शब्द सांगते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत आमचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली झाले.

मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटल्यावर आमचे वाडवडील चाळीस वर्षे रानात झोपड्यांतून राहिले. त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात जेवायचे, हा सुक्कोथचा सण. तो पौर्णिमेला लागतो. २०२४ आणि २०२५ साली तर तो कोजागिरीच्या रात्रीच आला.

आता मांडव कसा घालावा ते सांगते. वर आभाळ मोकळे हवे. झाडाखाली, पत्र्याखाली, वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली घातलेला मांडव शास्त्राला चालत नाही. म्हणून तर आम्हाला गच्ची लागते. उंची दहा मुठींहून कमी नको आणि वीस हातांहून जास्त नको.

भिंती कशाच्याही चालतात, पण नेहमीच्या वाऱ्याने हलता कामा नयेत. सोलापुरात चादरींना काय तोटा! पण नुसती टांगलेली चादर फडफडते. म्हणून आधी चारी बाजूंनी आडव्या दोऱ्या घट्ट ताणायच्या. जमिनीपासून दहा मुठी उंचीपर्यंत दोन दोऱ्यांत तीन मुठींहून कमी अंतर ठेवले, की शास्त्र त्या दोऱ्यांनाच भिंत मानते. चादर मग आडोशापुरती.

छपराला मात्र चादर नाही, ताडपत्री नाही, निजायची चटईही नाही. जमिनीतून उगवलेले आणि तोडलेलेच हवे. वेल चढलेला असला, तरी मुळाशी जोडलेला असेपर्यंत उपयोगी नाही. कोकणात माडाच्या झावळ्या घालतात. आपल्याकडे ज्वारीचा कडबा आहे. पण बांधलेली पेंढी तशीच टाकायची नाही. पेंढी ठेवणीची वस्तू. ती सोडून धाटे पसरली, म्हणजे छप्पर झाले. सावली उन्हापेक्षा जास्त पडावी, आणि रात्री चांदण्या दिसाव्यात.

"पाऊस येईल, वर प्लॅस्टिक टाका," असे आपण मायेने सांगता. परंतु ते टाकले की मांडव मांडव राहत नाही. पावसाने ताटातले अन्न खराब होऊ लागले, तर घरात जाऊन जेवायला शास्त्राचीच मुभा आहे.

बायकांवर मांडवात बसण्याची सक्ती नाही. तरी मी दरसाल दोऱ्या बांधते. १९४८ नंतर आमची पुष्कळ माणसे इस्राएलला गेली. घरात हात थोडे उरले. मुलगी विचारते, "आई, एवढ्याशा घरासाठी कशाला हा खटाटोप?" मी तिला सांगते, मांडवाला माणसांची संख्या लागत नाही, एका कुटुंबाचा मांडवही पुरा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगायची आहे. आपण मदतीला येताना बिचकता, आपला हात लागला तर चालेल की नाही म्हणून. भगिनींनो, सावलीसाठी घातलेला मांडव परधर्मीयाच्या हातचा असला, तरी आमच्या शास्त्राला मान्य आहे. तेव्हा संकोच करू नका. पेंढ्या सोडायला या, आणि संध्याकाळी पाहुण्या म्हणून जेवायलाही या. पाहुणे आले की सणाला शोभा येते.