संगणक घेताय? आधी पिढी विचारा



आज आपण घरच्या संगणकाविषयी बोलूया. मुलांचा अभ्यास, कॉलेजचे प्रवेशअर्ज, ऑनलाइन सातबारा, गटाचा हिशेब अशा कामांसाठी आता गावातही टेबलावरचा संगणक घेतला जातो. पुष्कळदा त्यासाठी गटातून कर्ज काढतात. पैसे आपल्या घामाचे असतात. म्हणून दुकानदार म्हणाला, "ताई, आय फाइव्ह आहे, स्वस्तात देतो," की आपण लगेच विचारायचं, "कितव्या पिढीचा?"

प्रोसेसर म्हणजे संगणकाच्या स्वयंपाकघरातली रांधणारी बाई. रॅम हा तिचा ओटा आणि एसएसडी हे सामानाचं कपाट. बाई कितीही चपळ असली, तरी ओटा वीतभर असेल आणि कपाट उघडायला वेळ लागत असेल, तर जेवण उशिराच होणार.

घरच्या संगणकात मुख्यतः दोन कंपन्यांचे प्रोसेसर येतात. इंटेलचे आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन आणि एएमडीचे रायझन थ्री, फाइव्ह, सेव्हन. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, हे खरं. पण एकाच पिढीतले दोन प्रोसेसर शेजारी ठेवले तरच. पिढी बदलली की हिशेब बदलतो.

पिढी ओळखायची कशी? इंटेलच्या नावापुढचा नंबर वाचा. आय फाइव्हपुढे ३४७० असेल, तर नंबर चार आकडी, पहिला आकडा ३. म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय थ्रीपुढे १२१०० असेल, तर नंबर पाच आकडी, पहिले दोन आकडे १२. म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. नावाने धाकटा असलेला हा आय थ्री त्या जुन्या आय फाइव्हपेक्षा कितीतरी वेगाने काम करतो.

दुसरं कारणही आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रायझन घेत असाल, तर नंबर ३००० च्या पुढचा बघा. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करायचे, त्याला सुरक्षा हवीच.

आपल्या रोजच्या कामाला नव्या पिढीचा आय थ्री किंवा रायझन थ्री पुरतो. आय सेव्हनवर जास्तीचे पैसे घालू नका. तेच पैसे ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर घाला. फरक पहिल्याच दिवशी कळेल. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा यूपीएसचा खर्चही आधीच धरा.

एक बारीक गोष्ट. इंटेलच्या नंबरामागे इंग्रजी 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवायची सोय नसते; वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. काही रायझनचंही तसंच आहे. म्हणून "ग्राफिक्स आतच आहे ना?" हे विचारा.

वापरलेला संगणक घेणं वाईट नाही. विरारहून लोकलने ग्रँट रोडला उतरलं, की लॅमिंग्टन रोडचा बाजार जवळच. तिथे नवंजुनं दोन्ही मिळतं. पण खोक्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर कुणीही चिकटवतं. संगणक चालू करायला लावा. सेटिंगमध्ये 'सिस्टिम', त्यात 'अबाउट' उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम तिथे लिहिलेली असते. तोच नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या.

आणि घरात जुना संगणक असेल, तर तो लगेच भंगारात देऊ नका. त्यात एसएसडी बसवून लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, तर मुलांच्या अभ्यासाला तो आणखी काही वर्षं चालू शकतो.

तर मैत्रिणींनो, दुकानात जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्या. पिढी कितवी? रॅम किती? एसएसडी आहे का? ग्राफिक्स आत आहे का? चारही उत्तरं बिलावर उतरली, की मगच पैसे मोजा. गटाच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न सगळ्याजणींना सांगा.